उभ्या उभ्या म्हातारी होणारी बॅटरी

माझे मामा अकोल्याला राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. सकाळी भाजीबाजार, संध्याकाळी मित्रांचा कट्टा, मधूनच बँकेत एखादी चक्कर. दोन वर्षांत सायकल जेमतेम दीड हजार किलोमीटर पळाली. नवी असताना एका चार्जमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर जायची. दुसरा उन्हाळा सरला तेव्हा पंधरा किलोमीटरलाच दम टाकायला लागली. दुकानदाराने मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर, लावला, मान हलवली आणि नव्या बॅटरीचा भाव सांगितला. सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

मामांचा फोन आला. पैशांपेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. "अरे, मी तिला लेकरासारखं जपलं. रोज रात्री फुल्ल चार्ज करून ठेवायचो. कधी निम्म्याच्या खाली येऊ दिली नाही. तरी ती गेली कशी?"

मी हिशेबाला बसलो. त्यांची बॅटरी ३६ व्होल्ट आणि ७.६५ अँपिअर-तासांची. दोन्हींचा गुणाकार २७५ वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरच्या एका युनिटच्या पाव भागाहून थोडी जास्त वीज. सपाट रस्त्यावर आपण पायडल मारत राहिलो आणि मोटरची फक्त मदत घेतली, तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागतात. म्हणून ते सत्तावीस किलोमीटर. एक पूर्ण चार्ज वापरून संपला की एक फेरा झाला असं धरू. (कंपनीच्या कागदावर याला सायकलच म्हणतात, पण इथे सायकल वेगळीच असल्यामुळे मी फेरा म्हणतो.) दोनदा निम्मी निम्मी वापरली तरी एकच फेरा. चांगल्या सेलकडून साधारण ५०० फेऱ्यांची अपेक्षा धरतात, म्हणजे तेरा हजार किलोमीटरहून जास्त. मामांचे दीड हजार किलोमीटर म्हणजे ५५ फेरे. अपेक्षित आयुष्याचा जेमतेम नववा हिस्सा.

म्हणजे त्यांची बॅटरी वापरून संपलेली नव्हती. ती उभ्या उभ्या संपली होती, आणि कशी ते त्यांच्याच वाक्यात होतं: रोज रात्री फुल्ल. फक्त सायकल कुठे उभी असायची तेवढं त्यांनी सांगायचं राहिलं होतं. ती असायची अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

चिरोटा आणि साय

बॅटरीचा डबा उघडू नका, पण आत काय असतं ते ठाऊक असू द्या. मामांच्या बॅटरीत ३० सेल आहेत. रिमोटच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. तीन-तीन सेल शेजारी शेजारी जोडून एक गट, आणि असे दहा गट एकापुढे एक. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, दहा गटांचं ३६. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून फुल्ल चार्ज केलेली '३६ व्होल्टची' बॅटरी प्रत्यक्षात ४२ व्होल्ट दाखवते. रिकामी होत आली की ३० च्या आसपास येते आणि आतलं संरक्षक सर्किट वीज तोडतं. या सर्किटला बीएमएस म्हणतात. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

सेलच्या एका बाजूला ग्रॅफाइट असतं. ग्रॅफाइट म्हणजे चिरोट्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रा. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, दुसऱ्या बाजूकडून निघतात, मधल्या द्रवातून पोहत येतात आणि या पापुद्र्यांच्या फटींत जाऊन बसतात. सायकल चालवताना ते परत निघून जातात. लिथियमला धातू म्हणून न ठेवता कार्बनच्या थरांमध्ये असं बसवायचं, ही युक्ती जपानच्या अकिरा योशिनोंनी १९८५ मध्ये करून दाखवली आणि त्यामुळे लिथियमची बॅटरी घरात ठेवण्याइतकी सुरक्षित झाली. १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल योशिनोंना जॉन गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्याबरोबर मिळालं ते याच कामासाठी.

आता खरी गोष्ट. मधला द्रव आणि लिथियमने भरलेलं ग्रॅफाइट यांचं आपसात पटत नाही. पहिल्याच चार्जला त्यांची रासायनिक क्रिया होते आणि ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. हा थर हवाच, कारण तो खालच्या ग्रॅफाइटचं द्रवापासून रक्षण करतो. पण साय जशी दुधातल्याच स्निग्धांशाची बनते, तसा हा थर बॅटरीतल्याच लिथियमचा बनतो. जितकी साय जाड, तितकं दूध पातळ. सायीत अडकलेलं लिथियम पुन्हा कधी इकडून तिकडे जात नाही. बॅटरीची क्षमता कमी झाली असं आपण म्हणतो, त्यात मोठा भाग या अडकलेल्या लिथियमचा असतो. शिवाय जाड सायीतून आयनांना वाट काढणं जड जातं, म्हणून जुनी बॅटरी चढावर चटकन मान टाकते.

ही साय सायकल चालत नसतानाही वाढत राहते. दिवसाचे चोवीस तास, अगदी हळू. तिचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. दुसरी म्हणजे बॅटरी किती भरलेली आहे. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइट लिथियमने गच्च असतं, म्हणजे द्रवाशी भांडायला सर्वात उतावीळ. पलीकडच्या टोकाला व्होल्टेज इतकं चढलेलं असतं की तिथेही द्रव विघटित व्हायला लागतो. दोन्ही टोकं ताणलेली. निम्म्या भरलेल्या सेलमध्ये हा ताण बराच कमी असतो.

आणि दोन्ही एकत्र आले तर? कोबाल्टवर आधारित सेलसाठी वारंवार दिले जाणारे आकडे सांगतो. ४० टक्के भरलेला सेल २५ अंशांत वर्षभर ठेवला तर ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तोच पूर्ण भरून ठेवला तर ८० टक्के. ४० अंशांत ४० टक्के भरलेला ठेवला तर ८५, आणि ४० अंशांत पूर्ण भरलेला ठेवला तर ६५. आजचे चांगले सेल याहून बरे वागतात, पण दिशा हीच असते. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली काळ्या डब्यातल्या त्या बॅटरीला किती लागत असेल याचा विचार करा. मामा तिला रोज रात्री काठोकाठ भरायचे आणि दिवसभर भट्टीत ठेवायचे. माया खरी होती, रीत चुकीची होती.

जुन्या बॅटऱ्यांची शिकवण

ही रीत मामांनी कुठून उचलली हेही समजून घ्यायला हवं, कारण आपल्या सगळ्यांच्या घरात ती आहे. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर आले. त्याची शिसे आणि आम्लाची बॅटरी नेहमी भरलेलीच ठेवावी लागते. अर्धी रिकामी राहिली तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती बसते. स्कूटर, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या याच जातीच्या, म्हणून 'बॅटरी फुल्ल ठेवावी' ही शिकवण पक्की झाली. शिशासाठी ती बरोबरच आहे.

दुसरी शिकवण नेमकी उलटी: 'पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव.' ही आली निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांमधून, जुन्या कॉर्डलेस फोनच्या आणि सुरुवातीच्या मोबाइलच्या. वारंवार अर्धवट वापरल्या की त्या जणू तेवढाच वापर लक्षात ठेवायच्या. लिथियमला अशी खोड नाही. उलट पूर्ण उतरवणं तिला त्रासाचं. पापुद्र्यांत लिथियम शिरलं की ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, निघालं की आकसतं. रिकाम्यापासून फुल्लपर्यंत आणि पुन्हा रिकाम्यापर्यंत असा पूर्ण झोका दिला की हे फुगणं-आकसणं सर्वात जास्त होतं, बारीक भेगा पडतात, भेगेत नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा नवी साय धरते. म्हणून छोटे झोके बरे. रोज ८० वरून ५० वर येणारी बॅटरी १०० वरून शून्यावर येणाऱ्या बॅटरीपेक्षा एकूण किती तरी जास्त किलोमीटर देते.

बाजारात या दोन्ही जुन्या शिकवणी आजही एकाच दुकानात ऐकायला मिळतात. लिथियमची गोष्ट तिसरी आहे: तिला मध्यावर राहायला आवडतं.

ऐंशीवर थांबायचं कसं

ऐंशी टक्क्यांवर थांबा म्हणणं सोपं. आपल्या बहुतेक सायकलींवर टक्के दिसतच नाहीत, तीन-चार कांड्या दिसतात आणि चार्जरवर लाल-हिरवा दिवा. हिरवा झाला म्हणजे फुल्ल. मधे थांबायची सोय कंपनीने दिलेली नसते.

मार्ग साधा आहे. चार्जरवर किती अँपिअरचा आहे ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा २. बॅटरी ७.६५ अँपिअर-तासांची असेल तर दर तासाला साधारण पाव बॅटरी भरते. तीसवरून ऐंशीवर जायचं तर दोन तास पुरे. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा टायमर प्लग इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. दोन तासांवर ठेवला की तो आपोआप बंद होतो. तुमची बॅटरी मोठी असेल तर भागाकार तुमचा तुम्ही करा.

आणखी नेमकं हवं असेल तर स्वस्तातला मल्टिमीटर घ्या आणि कसा लावायचा ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून शिकून घ्या. बॅटरीच्या तोंडाशी दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तर ठिणगी उडते, म्हणून हे घाईत करायचं काम नाही. चार्जिंग किंवा फेरी संपल्यावर अर्धा तास थांबून माप घ्या, नाहीतर आकडा फसवतो. ३६ व्होल्टच्या बॅटरीसाठी ४२ म्हणजे पूर्ण, ४० च्या आसपास म्हणजे ऐंशी टक्के, ३८ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त, ३६ म्हणजे पाव किंवा त्याहूनही कमी. हे शेवटचं बऱ्याच जणांना चकवतं: डब्यावर ३६ लिहिलंय आणि मीटर ३६ दाखवतोय, म्हणून ते ती भरलेली समजतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीत बहुधा तेरा गट असतात, तिचा फुल्लचा आकडा ५४.६.

उद्या लांब जायचं असेल तर? मग बिनधास्त फुल्ल करा. फुल्ल होणं वाईट नाही, फुल्ल होऊन पडून राहणं वाईट. सकाळी सातला निघायचं असेल तर पहाटे उठल्यावर उरलेला भाग भरा, म्हणजे काठोकाठ भरलेली बॅटरी तासाभरात रस्त्यावर असेल. वेळ मात्र थोडा जास्त धरा. शेवटचा पंधरा-वीस टक्क्यांचा भाग हळू भरतो, कारण सेल ४.२ व्होल्टला पोचले की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट कमी कमी करत नेतो.

एक अपवाद महत्त्वाचा आहे, आणि इथेच तो बीएमएस पुन्हा येतो. दहाही गट सारखे कधीच नसतात. काही महिन्यांत एखादा गट थोडा मागे पडतो, एखादा पुढे जातो. सगळ्यात मागचा गट रिकामा झाला की बीएमएस पूर्ण बॅटरी बंद करतो, बाकी नऊ गटांत वीज शिल्लक असली तरी. हे गट पुन्हा एका रांगेत आणायचं काम बीएमएस करतो, पण बहुतेक साध्या बीएमएसमध्ये ते फक्त बॅटरी भरत आल्यावर सुरू होतं. जो गट आधी भरला त्याची थोडी थोडी वीज छोट्या रोधातून जाळायची आणि बाकीच्यांना गाठू द्यायचं. हे फार संथ चालतं. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करा, हिरवा दिवा लागल्यावरही तास-दोन तास चार्जर राहू द्या आणि त्याच दिवशी फिरून या. नेहमी ऐंशीवरच थांबणाऱ्या हौशी माणसाची बॅटरी वर्षभराने अचानक कमी पळायला लागते, तेव्हा सेल शाबूत असतात, फक्त रांग मोडलेली असते.

काही सायकलींत लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी असते, एलएफपी म्हणतात ती. डब्यावर पाहा. तिचा सेल ३.२ व्होल्टचा, मुळातच दीर्घायुषी, दोन हजार फेऱ्यांच्याही पुढे जाणारा. तिचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे वरचे आकडे तिला लावू नका. तिलाही गट जुळवण्यासाठी अधूनमधून पूर्ण चार्ज लागतो. बाकी उष्णतेचा नियम तिलाही तोच.

रस्त्यावर

चालवताना बॅटरी तापते ती करंटमुळे. आणि करंट दुप्पट झाला की आतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सिग्नलला उभ्या सायकलवर नुसता थ्रॉटल पिळला की कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारं सर्किट) एका क्षणात पंधरा अँपिअरपर्यंत ओढू शकतो. तेच दोन पायडल मारून सायकल हलली की मग मोटर घेतली, तर पाच-सहा अँपिअरमध्ये भागतं. तिसरा हिस्सा करंट, नववा हिस्सा उष्णता. लहान बॅटरीला हे जास्त जाणवतं, कारण तो सगळा भार मामांच्या बॅटरीसारख्या तीन-तीन सेलच्या गटावर पडतो. मोठ्या बॅटरीत तोच भार चार-पाच सेलमध्ये वाटला जातो. विकत घेताना 'मला तर रोज दहाच किलोमीटर जायचंय' म्हणून सर्वात लहान बॅटरी घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मोठी बॅटरी जास्त लांब नेते आणि जास्त वर्षं टिकते, कारण तिला कधी ताण पडत नाही.

घाटाचं गणित मला नेहमी चकित करतं. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. शंभर मीटर उंची चढायला, फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध, २७ वॅट-तास लागतात. पाचशे मीटर उंचीचा घाट पूर्णपणे मोटरवर चढायचा तर १३६, आणि मोटर-कंट्रोलरमध्ये वाया जाणारा भाग धरला तर १८० च्या पुढे. २७५ पैकी. म्हणजे रविवारी गडाच्या पायथ्यापासून वरपर्यंत पाय न हलवता गेलात तर दोन तृतीयांश बॅटरी एका दमात, भरपूर करंटने, तापत संपते. खालचा गिअर लावा, पाय चालू ठेवा, मधे झाडाखाली पाच मिनिटं थांबा.

टायरमध्ये हवा भरा. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा पाहून, आठवड्यातून एकदा. मऊ टायर रोज थोडी थोडी वीज गिळतो आणि आपण बॅटरीला दोष देतो.

घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. ऊन असेल तर तासभर सावलीत थंड होऊ द्या. गरम सेलमध्ये वीज भरणं म्हणजे उकळत्या दुधाखालचा जाळ वाढवणं. उन्हाळ्यात चार्जिंगची चांगली वेळ पहाटेची. सायकल बाहेर उभी करावीच लागत असेल तर बॅटरी काढून घरात आणा. बहुतेक डबे किल्लीने निघतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मार्च ते जूनमध्ये ही एकच सवय लागली तरी बाकी अर्ध्या सूचना विसरलात तरी चालेल.

पाऊस, पडून राहणं आणि 'जंप'

कोकणात आणि गोव्यात संकट उन्हापेक्षा ओलीचं. डब्यावर पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असला तरी तो बहुधा शिंतोड्यांसाठी असतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यासाठी नाही. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारायला देऊ नका. भिजून आलात तर चार्जिंगचं तोंड कोरडं करूनच चार्जर लावा. खाऱ्या हवेत पितळी टोकांवर हिरवट थर धरतो, तिथे रोध वाढतो, ते टोक तापतं आणि कधी वितळतंही. टोकं कोरड्या कापडाने पुसून सिलिकॉन ग्रीसचं पातळ बोट लावलं की पावसाळा निभतो.

जूनमध्ये सायकल माळ्यावर टाकून ऑक्टोबरमध्ये काढणारे पुष्कळ. त्यातले निम्मे फुल्ल करून टाकतात, निम्मे रिकामी. रिकामी टाकलेली जास्त वाईट मरते. बीएमएस स्वतः चिमूटभर वीज पीत राहतो. सेल २.५ व्होल्टच्याही खाली घसरत गेला की शेवटी आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं भलत्याच ठिकाणी जमतं आणि आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून ३६ व्होल्टची बॅटरी पंचविसाच्या खाली जाऊन महिनोन्‌महिने पडली असेल तर तिला कुणालाही 'जंप' द्यायला सांगू नका. बीएमएस टाळून थेट वीज ढकलून बॅटरी 'जिवंत' करून देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. ती चालू होते हे खरं, आणि तीच पुढे कधीतरी घरात पेटू शकते हेही खरं. ठेवायचीच असेल तर ३७-३८ व्होल्टवर, थंड कोरड्या जागी, सायकलपासून वेगळी, आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा माप घेऊन.

नेदरलँड्स-जर्मनीकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन वाक्यं. शून्य अंशांखालच्या गारठ्यात सायकल चालवली तर फक्त त्या दिवसापुरती कमी पळते, पण त्या गारठलेल्या बॅटरीला चार्ज केलं तर लिथियम पापुद्र्यांत शिरायच्या आधीच धातू होऊन वर साचतं, म्हणजे योशिनोंनी जे टाळलं तेच परत येतं. आधी घरात आणून दोन तास ऊब द्या, मग चार्जर.

चार्जर मूळचाच वापरा. पिन बसते म्हणून ४८ व्होल्टचा चार्जर ३६ च्या बॅटरीला लावणं म्हणजे बीएमएसच्या एका छोट्या स्विचच्या भरवशावर घर सोडणं. चार्जिंग घरातून बाहेर पडायच्या वाटेवर नको, गादी-सोफ्यावर नको, सगळे झोपल्यावर नको. डबा फुगला, गोडसर विचित्र वास आला, काही न करता गरम लागला, तर त्या बॅटरीचा वापर तिथेच थांबवा. दोन-चार सेल बदलून जुन्यात नवे मिसळण्याचा सल्ला मिळेल, तोही घेऊ नका; नवे आणि जुने सेल एका रांगेत चालत नाहीत. मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे परत द्या आणि पावती मागा. नवी घेताना डब्यावरची निर्मितीची तारीख वाचा, कारण गोदामात दोन उन्हाळे काढलेली बॅटरी नवी नसते.

मामांनी शेवटी नवी बॅटरी घेतली. आता ती रात्री शेडमध्ये नसते, देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. पहाटे पूजेच्या आधी ते टायमर प्लगवर दोन तास लावतात आणि पोथी वाचून होईपर्यंत तो बंद होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल्ल करतात आणि त्याच दिवशी गावाबाहेरच्या मारुतीला जाऊन येतात. दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटची चार पानं त्यांनी बॅटरीला दिली आहेत: तारीख, व्होल्ट, किलोमीटर. पहिला उन्हाळा गेला, सायकल अजून सत्तावीसला टेकते. परवा फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "काल रात्री अडतीस पॉइंट चार होती."